आईची रंगपेटी

रंगवायला वयाची अट असते का हो? माझ्या आईचे लहानपणीचे हिवाळे उसाच्या फडात गेले. रंगपेटी हाती आलीच नाही. यंदा पन्नाशीत तिला स्वस्तातल्या तेलाच्या रंगपेन्सिली आणून दिल्या. बीडच्या कंकालेश्वराचं, पाण्यातल्या त्या दगडी देवळाचं, चित्रही काढून दिलं.

या पेन्सिलींत रंग मेणाऐवजी मुख्यतः तेलानं बांधलेला असतो. म्हणून त्या जरा कडक. टोक टिकतं, कागदावर मेणाचा पांढरट थर चढत नाही. फक्त जोर देऊ नका. हलक्या हातानं थरावर थर द्या. आईनं दगडाला आधी निळा, मग तपकिरी, शेवटी काळा दिला. देऊळ कसं उठून दिसलं!

तुमची पेटी आज घरातल्या मोठ्यांपुढेही ठेवा. त्यांचे रंग राहून गेलेत.