बायू सेंट जॉनच्या काठी

वूडू हा शब्द कानी पडताच सुया टोचलेली बाहुली डोळ्यांपुढे उभी राहावी, अशी तजवीज चित्रपटांनी चोख करून ठेविली आहे. वास्तविक पश्चिम आफ्रिकेतील फोन लोकांच्या भाषेत ‘वोदुन’ म्हणजे केवळ देवता. ज्यांस या धर्माचे खरे रूप पाहावयाचे असेल, त्यांनी २३ जूनच्या सायंकाळी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरी जावे. चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब गेलो.

शहरातून बायू सेंट जॉन नावाचा एक संथ जलप्रवाह पाँचरट्रेन सरोवराकडे जातो. त्यावर पादचाऱ्यांपुरता एक जुना लोखंडी पूल आहे. उकाडा आपल्या कोकणातल्यासारखा, अंगाला चिकटणारा. पुलावर शुभ्र वस्त्रे ल्यालेली स्त्री-पुरुष मंडळी जमली होती. कोणी फुले आणली होती, कोणी मेणबत्त्या. मग एकेकाने पुढे होऊन मस्तक लववावे, पुरोहित स्त्रीने, जिला मांबो म्हणतात, त्यावर पाणी घालावे आणि शिरास पांढरे वस्त्र गुंडाळावे, असा क्रम चालला. मनुष्याची अधिष्ठात्री देवता त्याच्या मस्तकी वास करिते, अशी या लोकांची श्रद्धा. म्हणून मस्तक धुवावयाचे. शिरास उत्तमांग म्हणणाऱ्या आपणां लोकांस हे समजावयास कठीण पडू नये.

परंतु यासाठी ख्रिस्ती संताचा दिवस का? २४ जून ही बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची जयंती, नाताळाच्या सुमारे सहा महिने आधीची. दक्षिणायन नुकतेच लागलेले असते, आणि आदल्या रात्री होळ्या पेटविण्याची चाल युरोपात फार जुनी आहे. फ्रेंचांनी हा सण लुइझियानात आणला, आणि त्याबरोबर १७२४ चा कायदाही आणला. प्रत्येक गुलामास कॅथलिक बाप्तिस्मा द्यावा आणि अन्य कोणतीही उपासना चालू देऊ नये, असे त्यात होते. ज्यांचे देह विकले गेले होते, त्यांचे देवही असे काढून घेण्यात आले. तेव्हा त्यांनी धन्याच्याच पंचांगात आपल्या देवांस जागा शोधिली. वाटा उघडणारा लेग्बा किल्ल्या धारण करणाऱ्या संत पीटरमध्ये दिसू लागला. जलाने शुद्ध करणाऱ्या योहानाचा दिवस तर आयताच सापडला! यास कोणी भोळेपणा म्हणो. आम्ही शहाणपण म्हणू.

पुढे १८०९-१० साली, आज ज्यास हैती म्हणतात त्या भूमीतले नऊ हजारांहून अधिक निर्वासित क्यूबामार्गे येथे आले. त्यांत गोरे होते, मुक्त कृष्णवर्णीय होते आणि गुलामही होते. शहराची वस्ती जवळजवळ दुप्पट झाली, आणि वूडूस नवे बळ आले. या परंपरेची सर्वांत विख्यात स्त्री मारी लाव्हो. ती जन्माने मुक्त, आचरणाने कॅथलिक. केशरचना हा तिचा व्यवसाय, असे परंपरा सांगते. म्हणूनच पुलावरील नैवेद्यात केसांच्या फिती असतात, हे पाहून आमच्या कुटुंबास मोठी मौज वाटली. १८७० च्या दशकात बातमीदार या रात्री सरोवरकाठी जात आणि वाचकांच्या अंगावर काटा येईल असे काही लिहून आणीत. बाईने १५ जून १८८१ रोजी, सणाच्या आठच दिवस आधी, देह ठेविला. तेव्हा मात्र तेथील एका वृत्तपत्राने तिने केलेल्या रुग्णशुश्रूषेची वाखाणणी केली.

याच संताचा दिवस पोर्तुगीजांमागून गोव्यातही आला. तेथे २४ जूनला सांजांव म्हणून डोकीवर पानाफुलांची कोपेल घालून तरुण विहिरीत उड्या घेतात. मृगाच्या पाण्याने भरलेली ती विहीर आणि हा संथ बायू! संत एकच, पण तेथे पाण्यात सारा आनंदच आहे. येथे त्याखाली गुलामगिरीची आठवण आहे.

लाव्होबाईंची समाधी सेंट लुई दफनभूमी क्रमांक १ मध्ये दाखवितात. नवस करणारे तिच्यावर फुल्या काढीत, आणि २०१३ साली तर कोणी ती गुलाबी रंगविली. २०१५ पासून परवानाधारक वाटाड्यावाचून तेथे सामान्य प्रवाशास प्रवेश नाही. पुलावर मात्र कोणी तिकीट विचारीत नाही.