मदतीची मर्यादा

परोपकाराची हौस मनुष्यास फार असते; परंतु ज्याच्यावर उपकार करावयाचा त्यास तो हवा आहे कीं नाहीं, हें विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. आमच्या हातून घडलेली अशीच एक चूक आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

आमचे वडील बंधु, ज्यांस घरांतील सर्व लहानथोर दादा म्हणतात, आयुष्यभर शाळेंत गणित शिकवीत होते. निवृत्तीच्या सुमारास काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, हें सत्य त्यांनीं आमच्या आधीं पचविलें. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या साह्यानें ते संगणक वापरावयास शिकले, आणि पत्रें, हिशेब, गणितांचीं कोडीं, सारें पूर्ववत् चालूं झालें.

कांहीं वर्षांपूर्वीं त्यांच्या संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आम्हीं घालून दिली. दादा शेजारीं बसून होते. पडद्यावर प्रश्न येत. ते आम्ही मनांतल्या मनांत वाचीत होतों आणि उत्तरेंही आम्हीच देत होतों. भाषा कोणती, नांव कोणतें, पासवर्ड कोणता, सर्व आम्हीं ठरविलें. तासाभरांत काम आटोपलें व आम्ही धन्य झालों. पुढें मात्र कांहीं बदलावयाचें झालें कीं दादा माडीवरून हांक मारीत, "अरे, माझा पासवर्ड काय रे?" स्वतःच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीस असावी, तसा तो प्रकार होता. त्या प्रश्नांतील बोंच आम्हांस तेव्हां जाणवली नाहीं.

यंदा त्या संगणकांत नवी हार्ड डिस्क बसविण्याची वेळ आली, तेव्हां दादा म्हणाले, "या खेपेस सिस्टिम मी घालणार. तूं नुसता शेजारीं बैस, आणि हात मांडीवर ठेव."

त्यांनीं डेबियन नांवाचें लिनक्स निवडलें होतें. लिनक्सचा आरंभ 1991 सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें केला, व डेबियन 1993 सालीं इयान मर्डॉक यांनीं सुरू केलें. यांतील अंधांची सोय ही केवळ डोळसांची दया आहे असें कोणी समजूं नये. पडद्यावरील अक्षरें ब्रेल लिपींत बोटांखालीं आणून देणाऱ्या कार्यक्रमाचें काम 1995 सालींच सुरू झालें होतें. आणि पडदा वाचून दाखविणारा 'स्पीकअप' ज्यांनीं रचला ते कर्क रायझर स्वतः अंध. 2013 च्या मे महिन्यांत डेबियनची सातवी आवृत्ति निघाली, तेव्हां तिची स्थापना करून देणारा भाग 73 भाषांत उपलब्ध होता, आणि त्यांपैकीं बाराहून अधिक भाषा बोलूनही दाखविल्या जात होत्या.

आरंभीं एक अडचण आलीच. संगणकानें पेन ड्राइव्हवरून सुरू व्हावें असें सांगण्याचा जो पहिला पडदा, तो मुका होता. तेवढ्यापुरते दादांनीं आमचे डोळे उसने घेतले. मग यंत्रांतून बारीकसा 'बीप्' ध्वनि निघाला. दादांनीं 'एस्' हें अक्षर दाबलें, एंटर दाबलें, आणि थोड्याच वेळांत यंत्र बोलूं लागलें! पहिला प्रश्न भाषेचा. तो इंग्रजींतच असतो. प्रत्येक पर्यायास आंकडा होता. तो ऐकावा, दाबावा, पुढें जावें. वाणी फार संथ वाटली म्हणून त्यांनीं कॅप्स लॉक धरून सहाचा आंकडा दाबला, आणि ती भराभर वाचूं लागली. आम्हांस तिचें एक अक्षर कळेना. दादा मात्र मान डोलवीत होते.

मग तो बिकट प्रसंग आला. संगणकांत दोन डिस्क होत्या. एक नवी, कोरी. दुसरी जुनी, आणि तिजवर आमच्या कैलासवासी तीर्थरूपांचीं ध्वनिमुद्रित कीर्तनें. त्यांची दुसरी प्रत काढून ठेवावयाचें आम्हीं आज-उद्यां करीत टाळलें होतें. कोणती डिस्क पुसून वापरावी, असा प्रश्न यंत्रानें विचारला. "दोन दाबा, दोन!" आम्ही घाईनें ओरडलों, आणि हात मांडीवरून उठून कळफलकापर्यंत गेलासुद्धां. दादांनीं तो शांतपणें बाजूला सारला. सगळी यादी त्यांनीं पुनः वाचवून घेतली, दोन्ही डिस्कचीं मापें ऐकलीं, आणि एक दाबला. आम्हीं पडद्याकडे नीट पाहिलें. नवी डिस्क पहिलीच होती. बदल कायमचे लिहावयाचे काय, असें यंत्रानें शेवटीं विचारलें तेव्हांही त्यांनीं सर्व तपशील पुरता ऐकून मगच होकार दिला.

आम्हांस घाम फुटला होता. दादा एवढेंच म्हणाले, "तुला दिसतें, म्हणून तूं वाचीत नाहींस."

त्याच संध्याकाळीं कीर्तनांच्या दोन प्रती काढल्या, हें सांगावयास नको.

अंध मनुष्याचें काम आपण करून टाकणें ही मदत सोपी, कारण तींत वेळ वांचतो आणि मोठेपणही मिळतो. त्याचें काम त्यास करतां यावें अशी व्यवस्था करणें कठीण. परंतु खरी मदत तीच. 'एस्' या एका अक्षरामागें कित्येकांचे श्रम असतील, पण त्यांपैकीं कोणीही दादांच्या खोलींत येऊन त्यांचा हात धरला नाहीं. उरला आहे तो आरंभींचा मुका पडदा. त्यास वाचा फुटेल, त्या दिवशीं शेजारच्या खुर्चीचेंही कारण उरणार नाहीं.

पासवर्ड ठरविण्याची वेळ आली, तेव्हां आम्ही उठून खिडकीशीं जाऊन उभे राहिलों. तो काय आहे, हें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं.