ओळख पटण्याच्या वाटा

व्यापाऱ्याचे निम्मे भांडवल गल्ल्यात असते आणि निम्मे त्याच्या नजरेत. दहा वर्षांपूर्वी लग्नाचा बस्ता बांधून नेलेले गिऱ्हाईक पायरी चढताच त्याला नावाने हाक मारता आली, की अर्धा व्यवहार झालाच म्हणून समजावे. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कापडाचे दुकान आहे. तिथे माणूस ओळखण्याची ही विद्या कोणी कोणाला मुद्दाम शिकवत नाही.

माझा नातू आठ वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. त्याचे वडील रोजच्या सदऱ्याऐवजी शेरवानी घालून समोर आले, की तो क्षणभर परक्याकडे पाहावे तसा पाहत राहतो. आपल्याला फुकट मिळालेल्या या विद्येमागे मेंदूला केवढा उद्योग करावा लागतो, ते मी त्याच्यामुळे वाचू लागलो.

जन्मून काही मिनिटेच झालेले मूलसुद्धा चेहऱ्यासारख्या आकृतीमागे नजर वळवते, असे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. पुढे आपण डोळे, नाक, ओठ असे सुटे सुटे न पाहता त्यांची एकत्र मांडणी टिपू लागतो. म्हणूनच उलटे धरलेले छायाचित्र ओळखणे जड जाते. रॉबर्ट यिन या संशोधकाने हे १९६९ मध्ये दाखवून दिले.

स्वमग्न मुलांपैकी अनेकांची वाट येथेच निराळी होते. अमेरिकेतील वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी तान्ह्या मुलांची नजर महिनोन्महिने मोजली. पुढे ज्यांना स्वमग्नता असल्याचे निदान झाले, ती बालकेही दोन महिन्यांची असताना इतरांप्रमाणेच डोळ्यांकडे पाहत होती. मात्र दोन ते सहा महिन्यांच्या काळात हे पाहणे कमी होत गेले. त्यांचा हा अभ्यास २०१३ चा आहे. त्याआधी, १९७८ मध्ये, टिम लँगडेल यांनी मुलांना त्यांच्याच सोबत्यांची अर्धवट झाकलेली छायाचित्रे दाखवली होती. चेहऱ्याच्या केवळ खालच्या भागावरून ओळखण्यात लहान वयाची स्वमग्न मुले इतर मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे ती चेहरा पाहतच नव्हती असे नव्हे. ती दुसरीकडून पाहत होती.

याउलट विल्यम्स सिंड्रोम असलेली मुले. सातव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा नसल्याने ही अवस्था उद्भवते. ही मुले अनोळखी चेहऱ्यांकडेही ओढीने जातात आणि चेहरे ओळखण्याच्या काही चाचण्यांत उत्तम गुण मिळवतात. तरीही ती बहुधा एकेक अवयव पाहून तेथवर पोहोचतात, असे अ‍ॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी दाखवले. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर बेरीज तीच, रीत वेगळी.

रीत वेगळी असली, तरी शिकणे थांबत नाही. कॅनडातील जेम्स टनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांसाठी संगणकावरील खेळ तयार केले. सुमारे वीस तास ते खेळलेल्या मुलांची चेहरा ओळखण्याच्या काही बाबतींत प्रगती झाली, असे त्यांनी २०१० मध्ये मांडले. आमच्या घरी साधन साधे आहे. नातू मामाला दाढीवरून ओळखत असे. मामाने दाढी काढली, त्या दिवशी तो आजीच्या मागे जाऊन लपला. मग त्याच्या शिक्षिकेच्या सांगण्यावरून सूनबाईंनी एक वही केली. एका पानावर एकच माणूस, पण पाच रूपांत: दाढीसह, दाढीविना, चष्म्यात, टोपीत, हसताना. रोज दोनच पाने पाहायची. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ असा आग्रह कोणी धरायचा नाही, कारण तसे पाहणे अनेक स्वमग्न माणसांना त्रासदायक वाटते. सहा महिन्यांत अकरा पाने झाली. मामाच्या पानावर बोट ठेवून तो म्हणतो, “हा पण मामा, हा पण मामा.”

आम्हांला खरी चिंता दुकानाच्या गादीची नाही, गर्दीची आहे. यात्रेत हात सुटला, तर समोर उभी असलेली आजीसुद्धा याला ओळखू येईल का? म्हणून प्रवासात घरातील सर्वजण गळ्यात एकाच केशरी रंगाचा रुमाल बांधतात आणि त्याच्या खिशात फोन क्रमांकाची चिठ्ठी असते. दुकानात मात्र तो माणसांना आवाजावरून, चपलेच्या चालीवरून आणि त्यांनी मागे नेलेल्या कापडावरून ओळखतो. “निळ्या चौकड्यांचे काका आले,” असे तो सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरे असते.

आपल्या लग्नकार्यांत लहान मुलांची एक परीक्षा ठरलेली असते: “सांग पाहू, मी कोण?” प्रश्न मायेचाच असतो, पण अशा मुलासाठी तो चारचौघांत मांडलेला अवघड पेपर ठरतो. तो गप्प राहिला, की मागे कुजबुज होते, “पोर जरा शिष्टच दिसते.” वाचकहो, या हंगामात एखादे मूल आपल्याकडे न पाहता उभे राहिले, तर त्याला प्रश्न विचारू नका. थोडे खाली वाका आणि आपणच सांगा, “मी पुण्याची आत्या.” पुढच्या भेटीतही सांगा आणि त्याच्या पुढच्या भेटीतही. गिऱ्हाईक जोडण्यासाठी आपण वर्षानुवर्षे धीर धरतो. आपल्याच घरच्या मुलासाठी तेवढा धीर आपल्यापाशी नक्कीच आहे.