नाव कुणाच्या नावावर?

वेबसाइटसाठी नवं गिऱ्हाईक आलं की रंग, फोटो, मजकूर यांतलं मी आधी काहीच विचारत नाही. पहिला प्रश्न एकच असतो: डोमेन कुणाच्या नावावर आहे? बहुतेकांना तो प्रश्नच कळत नाही. ‘आमच्याच की हो, आमचंच तर नाव आहे त्यात,’ असं उत्तर येतं. पूर्वी हूइज या डोमेन-नोंदींच्या यादीत शोधलं की नोंद कुणाची, पत्ता काय, फोन कोणता, सगळं उघडं दिसायचं. २०१८ साली युरोपातला खासगी माहितीचा कायदा लागू झाला आणि ‘.कॉम’सारख्या नावांची ही माहिती झाकली गेली. आता खरी नोंद बघायची तर खात्यातच शिरावं लागतं, आणि खात्याचा पासवर्ड असतो ‘एक मुलगा होता बघा’ त्याच्याकडे. सांगली-मिरज भागात इतकी वर्षं हा धंदा करतोय, पण या मुलाची गाठ क्वचितच पडलीय. कधी तो भाच्याचा मित्र असतो, कधी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसणारा. सध्या पुण्यात किंवा बंगळूरला नोकरीला असतो आणि त्याचा जुना नंबर लागत नाही.

त्या मुलाला मी फार दोष देत नाही. साखळीच अशी आहे की सामान्य माणसाला तिचं शेवटचं टोक दिसतं. ‘.कॉम’चं मूळ दप्तर अमेरिकेतल्या व्हेरिसाइनकडे, ‘.इन’चं दिल्लीच्या निक्सीकडे. त्यांच्या खाली रजिस्ट्रार, रजिस्ट्रारच्या खाली माझ्यासारखे रीसेलर, आणि तळाला ज्याच्या नावानं नोंद होते तो रजिस्ट्रंट. पैसे कुणीही भरोत, रजिस्ट्रंटच्या रकान्यात ज्याचं नाव आणि ईमेल, डोमेन त्याचं. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि रान कसतोय दुसराच, अशातला हा प्रकार. वाद झाला की तलाठी उताऱ्याकडे बोट दाखवणार. फरक एवढाच, की इथं मालकी कुणालाच मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत, ती सरायच्या आत पैसे भरले तर पुढे चालू. ‘डोमेन विकत घेतलं’ असं सगळे म्हणतात, मीही तसंच म्हणतो, पण बिलावर ‘वार्षिक नोंदणी’ असं लिहितो. निदान कागद तरी खरा असावा.

मिरजेत तानपुरे आणि सतारी बनवणारं एक घर माझं गिऱ्हाईक आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण या घराचा माल त्याच्या कितीतरी आधीपासून जर्मनी-हॉलंडला जातोय, आणि ती मागणी येते वेबसाइटवरच्या ईमेलवर. थोरल्यांनी हौसेनं साइट करून घेतली होती. नोंद त्यांच्या नावानं, ईमेल त्यांची, मोबाइल त्यांचा. ते गेले. डोमेन मात्र दर वर्षी आपोआप रिन्यू होत राहिलं, कारण धाकट्या भावाचं कार्ड खात्याला जोडलेलं होतं. एके वर्षी त्या कार्डाची मुदत संपली. रजिस्ट्रारनं सूचना पाठवल्या, नियमाप्रमाणे पाठवल्या, पण त्या गेल्या थोरल्यांच्या मेलबॉक्समध्ये, ज्याचा पासवर्ड घरात कुणाला ठाऊक नव्हता. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी जाणार त्यांच्या मोबाइलवर, आणि ते सिम घरच्यांनी रिचार्ज करायचं सोडून दिलेलं. बंद पडलेला नंबर कंपनी नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला देऊ शकते. म्हणजे तो ओटीपी एव्हाना एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असणार.

एका सकाळी साइटच्या जागी भलत्याच जाहिरातींचं पान आलं, तेव्हा मला फोन आला. ‘साहेब, तानपुऱ्याच्या जागी कर्जाच्या जाहिराती दिसायला लागल्यात.’

रजिस्ट्रारच्या चॅटवर बसलो. पलीकडचा माणूस सभ्य होता, पण वारस हा प्रकार त्याच्या कोष्टकात बसत नव्हता. ‘नोंदणीकृत ईमेलवरून विनंती पाठवा,’ हे वाक्य तो निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिला. मृत्यूचा दाखला पाठवला, तर त्यानं विचारलं की दाखल्यावरचा माणूस आणि खात्यातला माणूस एकच कशावरून, कारण एकीकडे वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं पाळण्यातलं नाव आणि आडनाव. शेवटी वाट निघाली ती एका रकान्यामुळे. नोंद करताना कुणीतरी ‘ऑर्गनायझेशन’च्या चौकटीत दुकानाचं नाव टाकून ठेवलं होतं. तो रकाना भरायची सक्ती नसते आणि निम्मे लोक तो रिकामाच सोडतात. दुकानाच्या जीएसटी दाखल्यावर तेच नाव होतं आणि भागीदार म्हणून धाकट्याचं नाव होतं. तेवढ्यावर काम झालं. मुदत टळून बरेच दिवस उलटले होते, पण नाव अजून रजिस्ट्रारच्याच हातात होतं. ‘.कॉम’ची मुदत संपली की रजिस्ट्रार ते साधारण पंचेचाळीस दिवसांपर्यंत धरून ठेवू शकतो; त्यानंतर तीस दिवस ते दंड भरून सोडवता येतं, आणि हा दंड वार्षिक दराच्या कितीतरी पट असतो; मग पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते मोकळं होतं. मोकळं होतं म्हणजे आपल्याला मिळतं असं नाही. सुटणाऱ्या नावांवर टपून बसलेले प्रोग्राम असतात, क्षणाचाही उशीर न करता ते नाव उचलतात.

तेव्हापासून माझा हट्ट आहे. रजिस्ट्रंट म्हणून फर्मचं नाव, ईमेल फर्मची, आणि ती ईमेल त्याच डोमेनवरची नको. हे शेवटचं पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. साइट ज्या नावावर, तिथलीच ‘इन्फो’ची मेल खात्यालाही दिलेली असते. डोमेन बंद पडलं की ती मेलही बंद, आणि सोडवायची लिंक तिच्यावरच येणार.

मोठ्यांचंही काही वेगळं नसतं. १९९९ च्या नाताळात हॉटमेलच्या लाखो लोकांना आत शिरता येईना, कारण लॉगिन ज्यावर चालायचं त्या पासपोर्ट डॉट कॉमचे पस्तीस डॉलर मायक्रोसॉफ्टनं भरलेच नव्हते. एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरनं स्वतःच्या कार्डावर ते भरले आणि गाडी चालू झाली. २०१५ साली गूगलच्या एका माजी कर्मचाऱ्याला चक्क गूगल डॉट कॉम बारा डॉलरला विकायला दिसलं. त्यानं ते घेतलं आणि मिनिटभर त्याच्याकडे राहिलंसुद्धा. गिऱ्हाइकांना मी यातली पहिली गोष्ट सांगतो. दुसरी सांगितली की त्यांना वाटतं, आपल्यालाही असं काहीतरी घबाड मिळेल.

घबाडाची आशा हा वेगळाच रोग आहे. उद्या उपयोगी पडतील म्हणून पन्नास नावं घेऊन ठेवणारे लोक मला माहीत आहेत. गावाचं नाव, पिकाचं नाव, येऊ घातलेल्या महामार्गाचं नाव. दर वर्षी रिन्यू करतात, गिऱ्हाईक येत नाही, आणि टाकवतही नाही. दुसऱ्याच्या चालत्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन बसणाऱ्यांना तर कायदाच आडवा येतो. रेडिफशी एका अक्षराचा फरक असलेलं ‘रॅडिफ’ नाव घेणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ सालीच रोखलं होतं, आणि २००४ मध्ये सिफी आणि सिफीनेटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की डोमेन नावालाही व्यापारी नावासारखंच संरक्षण आहे. माझा सल्ला साधा असतो: जे नाव वापरणार तेच घ्या, आणि त्याच्या एक-दोन चुकीच्या स्पेलिंगांची सोय करून ठेवा.

स्पेलिंगांचं मात्र आपल्याकडे विशेष आहे. ‘ज्ञानदीप’ क्लासला डोमेन हवं असेल, तर डी-एन-वाय-ए घ्यायचं, जी-वाय-ए घ्यायचं की जे-एन-ए? संस्थाचालक म्हणतात पहिलं, कारण पाटीवर तसंच आहे. मुलं दुसरं टाइप करतात. लक्ष्मीत एक्स की के-एस-एच, श्रीला आय की डबल ई, वैभवला व्ही की डब्ल्यू, एकेका अक्षरावर भावाभावांत वाद झालेले मी पाहिलेत. यावर माझी एक परीक्षा आहे. नाव नक्की करण्याआधी ते फोनवरून कुणालातरी सांगायचं, स्पेलिंग न सांगता, आणि त्याला लिहून घ्यायला लावायचं. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं, बेदाण्याच्या दलालानं किंवा घरातल्या आत्यानं बरोबर लिहिलं तर ते नाव घ्यावं. मध्ये डॅश असलेलं नाव या परीक्षेत नेहमीच नापास होतं.

मग देवनागरीतच का नाही, असं कुणीतरी विचारतंच. सोय आहे. ‘.भारत’ २०१४ साली सुरू झालं, मराठीसाठीही चालतं. पण जगभरच्या यंत्रणेला आतून अजून रोमन अक्षरंच कळतात, म्हणून तुमच्या ‘भारत’चं आत होतं एक्स-एन, मग दोन डॅश, मग एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी. ब्राउझर हे रूपांतर गुपचूप करतो. अडतं ते दुसरीकडे. सरकारी फॉर्ममध्ये, बँकेच्या पोर्टलवर देवनागरी ईमेल टाकली की लाल अक्षरांत ‘अवैध’ येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवलेला पत्ता कधी निळा होतो, कधी नाही. मी हौसेनं दोन-तीन गिऱ्हाइकांना ‘.भारत’ घेऊन दिलं आहे, सोबत ‘.इन’ही घ्यायला लावून. ‘.इन’ आज इतकं सहज मिळतं की ते मिळवणं कधी अवघड होतं हे नव्या पोरांना पटत नाही. २००५ आधी त्याची नोंदणी मुंबईत जुहूच्या एनसीएसटीकडे असायची, आणि अटी अशा की बहुतेक कंपन्या कंटाळून ‘.कॉम’कडे जात.

रोजचं काम मात्र नाव निवडण्याचं नसतंच, ते असतं डीएनएसच्या, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते ठरवणाऱ्या, पॅनलमध्ये. काळजी करायची ती तिथं. साइट एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवायची तर आदल्या दिवशी ए रेकॉर्डचा टीटीएल चौदा हजार चारशेवरून तीनशेवर आणून ठेवायचा. हे सेकंद आहेत. म्हणजे जगानं जुना पत्ता चार तास घोकायच्या ऐवजी पाचच मिनिटं घोकायचा. मग रात्री पत्ता बदलायचा. खरी ठेच लागते ती नेमसर्व्हर बदलताना. नवा होस्टिंगवाला साइटचा ए रेकॉर्ड तयार करून देतो, आणि मेलचे एमएक्स, एसपीएफचा टीएक्सटी, डीकेआयएमची ती लांबलचक ओळ, हे सगळं जुन्या पॅनलमध्येच राहून जातं. साइट बंद पडली की पाच मिनिटांत फोन येतो. मेल बंद पडली तर दोन दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही, आज कुणाची मेल नाही, बरं झालं, असं वाटत राहतं. म्हणून मी जुन्या पॅनलची प्रत्येक ओळ कागदावर उतरवून घेतो आणि नव्यात भरली की पेनानं खूण करतो. पोरं हसतात. हसोत.

आणखी एक बारीकसारीक, पण साइटी पाडणारं: नवीन नोंद केली किंवा नावात बदल केला की ईमेल खरी आहे का हे तपासणारी लिंक येते. पंधरा दिवसांत त्यावर टिचकी मारली नाही तर डोमेन थांबवलं जातं. लोक ती लिंक फसवी समजून उडवतात. आणि खरोखर फसवी असते ती, म्हणजे चीनमध्ये तुमच्याच नावाची नोंद कुणीतरी मागतंय अशी मेल किंवा बिलासारखं दिसणारं ‘नूतनीकरणा’चं पत्र, तिचे पैसे मात्र मुकाट्यानं भरतात. त्यावर वेळ घालवायचा नाही, फोन करायचा आणि मला विचारायचं, एवढंच मी सांगून ठेवलंय.

२०२५ हे वर्ष आमच्या भागात बँकांचं गेलं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘.बँक.इन’वर जायला सांगितलं. त्याची नोंदणी एकट्या हैदराबादच्या आयडीआरबीटीकडे, म्हणजे कुणा रीसेलरला त्यात जागा नाही. मला ते पटलं. बँकेचं नाव कुणीही सोम्यागोम्या घेऊ शकतो ही अवस्था बरी नव्हतीच. सहकारी बँकांची धावपळ झाली, पण बहुतेकांनी साइट आणि मेल नव्या नावावर नेली, बाहेरची पाटी बदलली.

प्रश्न राहिला जुन्या नावाचा. आता ते लागत नाही, तेव्हा खर्च कशाला, असं एका बँकेच्या मॅनेजर साहेबांनी मला विचारलं. मी त्यांच्याच टेबलावरचं पासबुक उलटं करून दाखवलं. मागच्या बाजूला जुना पत्ता छापलेला. चेकबुकवर तोच, कॅलेंडरवर तोच, ठेवीदारांच्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेला तोच. शिवाय वर्षानुवर्षं त्या जुन्या मेलवर कुणी ना कुणी पॅन कार्डाची प्रत पाठवत राहणार. उद्या ते नाव सुटलं आणि कुणी उचललं, तर हुबेहूब बँकेसारखं पान उभं करायला त्याला एक दुपार पुरते. नव्या नावाला कितीही कडेकोट कुलूप लावा, जुन्या दारावर बँकेचीच पाटी आहे.

साहेबांना पटलं, पण त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. संचालक मंडळापुढे दहा वर्षांच्या रिन्यूअलचा ठराव ठेवलाय, जुनं डोमेन बँकेच्या नावावर आणून. कारण डोमेन ‘.इन’चं असल्यानं हूइजमध्ये रजिस्ट्रंटच्या संस्थेचा रकाना दिसतो, आणि त्यात बँकेचं नाव नाही. तिथं २०११ सालच्या संगणक समितीवरच्या एका संचालकांच्या खत दुकानाचं नाव आहे. संचालक अजून मंडळावर आहेत, तब्येतीनं ठणठणीत आहेत आणि सही द्यायला तयार आहेत. दाखला लागणार नाही, एवढंच बघून मी अर्ज भरायला घेतलाय.