पगार

वाळूजच्या एमआयडीसीत महिन्याचा पहिला आठवडा सरत आला की रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, बजाजनगरच्या गल्ल्यांतून एकच विचारणा सुरू होते : पगार झाला का? ७ आणि १० या तारखा इथे लहान पोरांनाही पाठ असतात. १९३६च्या कायद्याने त्या घालून दिल्या होत्या. हजाराच्या आत कामगार असतील तर ७ तारखेपर्यंत, जास्त असतील तर १० पर्यंत पैसे हातात पडलेच पाहिजेत, असा त्याचा नियम होता.

समुद्रापासून इतक्या लांब, गंगापूर तालुक्याच्या या माळरानावर ज्याची एवढी वाट पाहिली जाते, तो शब्द मात्र जहाजातून आलेला आहे. वेतन, मुशाहिरा, रोजमुरा हे शब्द मराठीत होतेच. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली आणि किनाऱ्यावर ‘पगार’ उतरला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पगार राहिला. पोर्तुगीजांचं ते साधं क्रियापद, पैसे चुकते करणं या अर्थाचं. महिन्याच्या कमाईला ते ‘सालारिउ’ किंवा ‘ऑर्देनादु’ म्हणतात. क्रियापदाचं नाम करून त्याला घरात घेतलं ते आपण.

स्पॅनिशमध्येही ते ‘पगार’च, इटालियनमध्ये ‘पगारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’ आणि तिथून इंग्रजीत ‘पे’. ही सगळी भावंडं ‘पाकारे’ या लॅटिन क्रियापदाची, आणि त्याच्या पोटात आहे ‘पाक्स’, म्हणजे शांतता. पाकारे म्हणजे शांत करणं. सीझर गॉल जिंकल्यावर हेच क्रियापद वापरतो. तलवारीने निपचित पाडलेला मुलूखही त्याच्या लेखी शांतच. पुढे मध्ययुगात ते देण्याघेण्याच्या व्यवहारात शिरलं : ज्याचं देणं आहे त्याला शांत करणं. जर्मनने हा धातू घेतला नाही, पण तिथल्या कायद्याच्या भाषेत देणेकऱ्याने देणं भागवलं की ‘बेफ्रीडिगन’ म्हणतात, आणि त्यातही ‘फ्रीडे’, म्हणजे शांतताच आहे. पाक्सच्या मुळाशी बांधण्याचा अर्थ आहे, आणि अभ्यासक त्याचं नातं आपल्या ‘पाश’ शब्दाशीही जोडतात.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शांत करायचं असतं ते घेणेकऱ्याला. मग पगारात घेणेकरी कोण? कामगार. १ तारखेपासून तो प्रेसवर, लेथवर, असेंब्ली लाइनवर उभा असतो. शिफ्ट भरतो, ओटी करतो, खाडा पडू देत नाही. महिनाभराची मेहनत त्याने आधीच देऊन टाकलेली असते, तीही बिनव्याजी. इतकी उधारी त्याला किराणावालाही देत नाही. तरी आपल्याकडे भाषा अशी की मालक पगार ‘देतो’ आणि कामगाराने मिठाला जागायचं. १२ तारीख उलटली तरी खात्यात पैसे नाहीत, म्हणून ठेकेदाराच्या ऑफिसबाहेर मान खाली घालून ताटकळणारी कंत्राटी पोरं पाहिली की जीव तुटतो. वसुलीला आलेल्या माणसाने मान खाली का घालावी? शब्द तर त्यांच्या बाजूने साक्ष देतोय.

पगार झाला की मोबाइल वाजतो आणि शांत करण्याचं काम कामगाराच्या गळ्यात पडतं. आधी खोलीमालक. मग किराणावाल्याची वही, तिच्यातल्या महिनाभराच्या ओळींवर एक आडवी रेघ. भिशीचा हप्ता, गाडीचा हप्ता. गावाकडे, कुठे जालन्याला, कुठे परभणीला, आईच्या गोळ्यांचे पैसे. पोरीच्या शाळेची फी तेवढी राहते. ती पुढच्या पगारावर.