पहिल्या तुकड्याची किंमत

"ॲल्युमिनियमच्या दोन तुकड्यांचे अठरा हजार?"

मंडळी, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून टाकतो. म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हा लेखच वाचायला द्यायचा. :)

आधी पार्श्वभूमी. रविवारी सकाळी पळस्पे फाट्याला दत्त स्नॅक्सपाशी उभं राहिलात तर मुंबई-ठाण्याकडून आलेल्या बाइकवाल्यांचे घोळके दिसतील. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे लोणावळ्याला जायचं तर जुना हायवे आणि गोव्याला जायचं तर पळस्प्याहून उजवीकडे. दोन्ही मंडळी इथेच चहा पितात. त्यात एखादी तरी जुनी टू-स्ट्रोक असतेच. आरएक्स १०० असते, येझदी असते, आणि नशीब असेल तर राजदूत ३५०. ती दिसली की नवीकोरी महागडी गाडी घेऊन आलेला माणूससुद्धा कप हातात धरून तिच्याभोवती एक चक्कर मारतो.

राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०, जी एस्कॉर्ट्सने १९८३ साली भारतात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, ६४ मिलिमीटरचा बोअर. ट्रॅक्टरवाल्या कंपनीने काढलेली, त्या काळच्या मानाने भन्नाट वेगाची गाडी. पेट्रोल प्यायची, पार्ट महाग पडायचे, आणि ऐंशीचं दशक संपता संपता तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक राजदूत ३५० पस्तिशी ओलांडलेली आहे. तिच्या हेडच्या फिन्स कुठेतरी तुटलेल्या असतात, प्लगचे आटे गेलेले असतात, आणि तीन-चार वेळा घासून घासून हेडचं तोंड बारीक झालेलं असतं. नवीन हेड कंपनीकडे मिळत नाही. जुन्या बाजारात मिळतं ते बहुतेक वेळा आपल्याहून वाईट अवस्थेतलं.

म्हणून पनवेलच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात ही हेडं बनली. गाळ्याच्या मालकांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. त्यांचं रोजचं काम तळोजा एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांच्या पंपांचे शाफ्ट, स्लीव्ह, फ्लँज बनवायचं. एक व्हीएमसी, दोन लेथ, चार माणसं. त्यांच्याकडे स्वतःची राजदूत आहे, त्यातून हे सुरू झालं. माझा संबंध इतकाच की कॉस्टिंगची एक्सेल शीट मी करून दिली. त्यामुळे आकडे मला तोंडपाठ आहेत. खाली ते सोयीसाठी गोल करून देतोय, पण प्रमाण तेच.

आधी एका जोडीला येणारा खर्च. हेड ठोकळ्यातून कोरून काढायचं. प्रत्येक हेडला ६०६१ ग्रेडच्या ॲल्युमिनियमचा तीन किलोचा ठोकळा लागतो. दोघांचे सहा किलो, साडेचारशे रुपये किलोने २,७०० रुपये. यातला अर्ध्याहून जास्त माल भुगा होऊन मशीनखाली पडतो आणि भंगाराच्या भावाने जातो. मशीनवर सहा तास, ७०० रुपये तासाने ४,२००. डिबरिंग, धुणं, तपासणी ५००. ॲनोडायझिंग ३००. पॅकिंग आणि कुरियर ३००. बेरीज आठ हजार.

"मग आठचे अठरा कसे झाले? दहा हजार खिशात?" इथेच खरी गंमत आहे.

हे आठ हजार दुसऱ्या जोडीपासून पुढचे. पहिल्या जोडीचं गणित वेगळं. आधी जुनं हेड मोजायचं. ते मोजायचं म्हणजे नुसतं व्हर्निअर लावून भागत नाही. चाळीस वर्षांत वाकलेलं हेड मोजलंत तर वाकलेलंच हेड बनेल. मिस्त्रींनी तीन वेगवेगळ्या गाड्यांची हेडं उतरवून घेतली आणि स्टडची भोकं, गॅस्केटची बैठक, प्लगची खोली सगळं ताडून पाहिलं. कंबश्चन चेंबरचं आकारमान ब्यूरेटने थेंब थेंब तेल सोडून मोजलं. मग ड्रॉइंग, मग मशीनचा प्रोग्रॅम. मग फिक्स्चर, म्हणजे तो ठोकळा मशीनवर पकडायचा साचा. हेड दोन्ही बाजूंनी कोरायचं असतं, त्यामुळे फिक्स्चरही दोन. मग फिन्सच्या मधल्या खोल फटींसाठी लांब, बारीक कटर. हे कटर जरा जोर पडला की थरथरतात आणि मोडतात. प्लगसाठी १४ मिलिमीटर, सव्वा पिचचा टॅप. मग चाचणीचे तुकडे. पहिला तुकडा मशीनवर बिघडला. दुसरा मापात आला, पण पिस्टनवर सोल्डरच्या तारेचा तुकडा ठेवून किक मारली तेव्हा तार हवी त्याहून जास्त चपटी झाली. म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट कमी पडत होती. तिसरा बरोबर आला. तो गाडीला लावून मिस्त्री दोन महिने बोरघाट चढले-उतरले. हे सगळं मिळून साठ हजार.

म्हणजे जगात एकच जोडी बनवायची असती तर ती ६८,००० रुपयांना पडली असती. दहा बनवल्या तर प्रत्येकी १४,०००. वीस बनवल्या तर ११,०००. शंभर बनवल्या तर ८,६००. धातू तोच, मशीन तेच, माणूस तोच. बदलला तो फक्त भागाकाराचा खालचा आकडा.

लग्नपत्रिका छापून घेतलेल्या कोणालाही हे माहीत असतं. पन्नास छापा नाहीतर दोनशे, प्रेसवाला बिल जवळपास तेवढंच लावतो, कारण खर्च प्लेट बनवण्यात असतो. तिथे आपण वाद घालत नाही. "बरं, दोनशे छापा, उरल्या तर उरल्या" म्हणतो. इथे मात्र घोळ असा की उरलेलं हेड रद्दीत देता येत नाही.

मिस्त्रींनी वीस जोड्यांची बॅच लावली. त्यातल्या दोन तपासणीत बाद झाल्या. दहातली एक जाणार हे त्यांनी धरलेलंच होतं. वीस जोड्यांचे एक लाख साठ हजार आणि पहिला खर्च साठ, एकूण दोन लाख वीस हजार, भागिले अठरा. साधारण १२,२०० रुपये. त्यावर पंचवीस टक्के, ज्यात त्यांचा नफा आला, बदलून द्यायची वेळ आली तर तो खर्च आला, आणि फोनवर "किती ओढायचा नट?" हे समजावत घालवलेल्या संध्याकाळीही आल्या. झाले १५,२७८. त्यावर १८ टक्के जीएसटी. (वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के हा एकच दर सप्टेंबर २०२५ पासून आहे.) हे झाले अठरा हजार. त्यात धातूचा वाटा पंधरा टक्के.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पचायला जरा जड जातं आणि त्याचं कारण मला समजतं. सॉफ्टवेअरमध्येही पहिली प्रत महागच असते, अगदी कोटींच्या घरात. पण दुसरी प्रत फुकट असते. एकदा लिहिलं की शंभर जणांनी वापरलं काय नि लाखाने वापरलं काय. धातूत दुसरी प्रतही आठ हजार मागते, आणि शंभरावीसुद्धा. शिवाय चूक निघाली तर रात्री अकराला पॅच टाकून मोकळं होता येत नाही. पाठवलेलं हेड नागपूरच्या गाडीवर बसलेलं असतं.

मग मोठ्या कंपनीला हे स्वस्तात कसं जमतं? तिची पद्धतच वेगळी असते. लाखांनी गाड्या खपणार असतील तर ठोकळा कोरत कोण बसेल? पोलादी डाय बनवायची, त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने भरायचं, आणि काही मिनिटांत हेड बाहेर. डायचा खर्च लाखांत असतो, पण लाखाला लाखाने भागलं की रुपया उरतो. मधला मार्ग वाळूच्या साच्यातल्या ओतकामाचा. त्यासाठी पॅटर्न लागतो आणि तो मूळ मापाहून जरा मोठा करावा लागतो, कारण ॲल्युमिनियम थिजताना एक-सव्वा टक्का आकसतं. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात फाउंड्रीवाल्यांची वस्तीच आहे. पण कुठलीही भट्टी वीस नगांसाठी आपला दिवस मोडायला नाखूश असते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

पनवेलला सुटे भाग बनवणं तसं नवीन नाही. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये इथल्या बैलगाडीच्या चाकांच्या धंद्याची नोंद आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला, खाली पनवेलचं बंदर, वर देश. घाट चढून-उतरून चाकं झिजायची आणि नवी लागायची. चाक करणाऱ्याला उद्या कोण येणार हे माहीत नसलं तरी कोणीतरी येणार हे नक्की माहीत होतं. मिस्त्रींना नेमकं तेवढंच माहीत नाही. राजदूत ३५० नवीन बनत नाही. जी आहेत त्यातली दरवर्षी एखादी कमीच होते. भागाकाराचा खालचा आकडा आपणहून घटत चाललाय.

कायद्यानेही तो थोडा घटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. म्हणून मिस्त्रींनी चेंबरचं आकारमान मूळ हेडाइतकंच ठेवलं. "जास्त पॉवरचं बनवा ना, दुप्पट खपेल" असं सांगणारे पुष्कळ भेटले. खपलंही असतं कदाचित. पण त्यांना बिघडलेल्या हेडाच्या जागी चांगलं हेड हवं होतं, दुसरी गाडी नको होती.

आता हिशेबाची दुसरी बाजू. अठरापैकी अकरा जोड्या गेल्या. सात कपाटात आहेत. जीएसटी सरकारचा, तो सोडा. अकरा गुणिले १५,२७८ म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार. घातले होते दोन लाख वीस. पंधरावी जोडी विकली जाईल तेव्हा कुठे स्वतःचे पैसे परत येतील. नफा सोळाव्या जोडीपासून. तोवर तेच मशीन पंपाचे स्लीव्ह काढत राहिलं असतं तर दर महिन्याला बिल निघालं असतं.

मध्यंतरी एका गृहस्थांनी सुचवलं, "तशीही पडूनच आहेत ना, आठ हजारांत द्या." ऐकायला व्यवहारी वाटतं. पण मग ज्या अकरा जणांनी पहिल्या महिन्यात पूर्ण पैसे मोजले, ते पुढच्या वेळी काय करतील? थांबतील. सगळेच थांबले तर पुढची वेळ येतच नाही. मिस्त्री त्यांना एवढंच म्हणाले, "तुम्ही मागता एक, आणि भाव लावता शंभराचा."

हे वाक्य मला फार आवडलं, कारण सगळं दुखणं त्यात आहे. भाव कमी करायचा असेल तर घासाघीस करून फार तर त्यांच्या पंचवीस टक्क्यांतले चार-पाच टक्के निघतील. खरा भाव उतरतो तो माणसं वाढल्यावर, आणि तीही बनवण्याच्या आधी. वस्तू तयार झाल्यावर आलेला ग्राहक चांगलाच, पण भागाकार तोवर होऊन गेलेला असतो. बनवणाऱ्याने खालचा आकडा अंदाजाने लिहिलेला असतो, आणि अंदाज चुकला तर फरक तो स्वतः भरतो.

सध्या गाड्यावाल्यांची मागणी सिलिंडरची आहे. ती हेडाच्या पुढची पायरी. त्यात पोर्टची वळणं आत असतात. ती कोरून निघत नाहीत, म्हणजे ओतकाम आलं, पॅटर्न आला, कोअर बॉक्स आले, लायनर आला. शीटवर पहिला खर्चच अडीच लाख दिसतोय. या वेळी मिस्त्रींनी पद्धत बदलली. पंचवीस नावं, प्रत्येकाचे निम्मे पैसे आगाऊ, मगच पॅटर्नची ऑर्डर. पंचवीस भरले तर पहिल्या तुकड्याचं ओझं प्रत्येकी दहा हजार. दिवाळीपर्यंत नाही भरले तर सगळ्यांचे पैसे परत आणि मशीन पंपाच्या कामाला.

आज सकाळी पाहिलं तेव्हा यादीत चौदा नावं होती. त्यातल्या नऊ जणांनी पैसे भरलेत. बाकीच्या पाच जणांनी "नक्की घेणार, बनलं की कळवा" असं लिहिलंय.