उघड्यावरचं एचटीटीपी/२

पीआरआय, तारका, एचटीटीपी/२.०. मग एक रिकामी ओळ. मग नुसतं एसएम आणि पुन्हा रिकामी ओळ. सगळे मिळून २४ बाइट. नेटवर्कवरचे बाइट दाखवणाऱ्या टीसीपीडंपच्या खिडकीत हे उमटलं आणि मी खुर्चीतून उठलेच! एचटीटीपी/२ असं उघड्या डोळ्यांनी वाचायला मिळतं, हे आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

एचटीटीपी/२ म्हटलं की टीएलएस आलं, प्रमाणपत्र आलं, असंच सगळे धरून चालतात. त्याचं कारण ब्राउझर. क्रोम आणि फायरफॉक्स एन्क्रिप्शनशिवाय एचटीटीपी/२ बोलतच नाहीत. पण २०१५च्या मे महिन्यात आलेल्या मूळ मानकात, म्हणजे आरएफसी ७५४० मध्ये, अशी सक्ती कुठेही नाही. तिथे दोन नावं शेजारी शेजारी आहेत : एन्क्रिप्शनसह असेल तर ‘एच२’ आणि उघडं असेल तर ‘एच२सी’. हे दुसरं भावंड ब्राउझरच्या दारात कधी दिसत नाही, म्हणून आपल्याला ठाऊक नसतं, इतकंच.

आणि ते चालू करणं किती सोपं! एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये साधं ८०८० पोर्ट, त्याखाली ‘एचटीटीपी२ ऑन’ एवढी एक ओळ, प्रमाणपत्राचं नावही नाही. १.२५.१ या आवृत्तीपासून तर एकाच उघड्या पोर्टवर जुनं १.१ आणि नवं २ दोन्ही चालतात. सर्व्हर येणाऱ्या पहिल्या बाइटांवरून कोण आलंय ते ओळखतो. पलीकडून कर्लला ‘प्रायर नॉलेज’चा पर्याय द्यायचा, म्हणजे ‘समोरच्याला २ येतं, विचारत बसू नकोस, बोलायला लाग’. पूर्वी आणखी एक सभ्य वाट होती : आधी १.१ मध्ये विनंती करायची, ‘अपग्रेड’चा हेडर लावायचा, सर्व्हरने १०१ म्हणून होकार द्यायचा. २०२२च्या आरएफसी ९११३ने ती मोडीत काढली. मला काही वाईट वाटलं नाही. थेट बोलण्यातच खरी गंमत आहे.

आता त्या २४ बाइटांकडे परत येऊ या, कारण माझं मन तिथेच अडकलंय. पीआरआय नावाची पद्धत वेबवर कुणी कधी वापरत नाही. एखादा जुना सर्व्हर चुकून समोर आलाच, तर ही अनोळखी विनंती पाहून त्याने तिथल्या तिथे नकार द्यावा, अर्धवट समजून गोंधळ घालू नये, एवढ्यासाठी ती आहे. मानकात तिची रीतसर नोंदणी आहे आणि त्याच नोंदीत लिहिलंय की खरा क्लायंट ही पद्धत कधीच वापरणार नाही! पण पीआरआय आणि एसएम जोडून वाचा. प्रिझम! २०१३च्या जूनमध्ये स्नोडेनने उघडकीस आणलेला अमेरिकेचा पाळत ठेवण्याचा कार्यक्रम. आधीच्या मसुद्यात याच जागी ‘फू’ आणि ‘बीए’ होते, प्रोग्रॅमरांचा नेहमीचा पोरकटपणा. त्याच वर्षी ते बदलून हे आलं. तेव्हापासून एचटीटीपी/२चं प्रत्येक कनेक्शन हा टोमणा मारूनच सुरू होतं, फक्त टीएलएसखाली तो कुणाला दिसत नाही. एच२सीवर मात्र पाळत ठेवणाऱ्याला तो स्वच्छ वाचता येतो. काय लोक आहेत!

पुढचे बाइट तर घड्याळाचं मागचं झाकण काढल्यासारखे. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला ठरलेले नऊ बाइट : लांबी, प्रकार, झेंडे, प्रवाहाचा क्रमांक. क्लायंटचे प्रवाह विषमच, १, मग ३, मग ५. आणि हेडर? ‘गेट’ हा सगळा शब्द म्हणजे एकच बाइट, हेक्समध्ये ८२. मुखपृष्ठाचा पत्ता म्हणजे ८४. आणि पत्त्याची स्कीम ‘एचटीटीपी’ असेल तर ८६, ‘एचटीटीपीएस’ असेल तर ८७. माझ्या पडद्यावर ८६ होतं! हे एचपॅक नावाचं आकुंचन; त्याच्या ६१ नोंदींच्या तक्त्यातल्या क्रमांकांवरून हे बाइट बनतात. म्हणून एन्क्रिप्शन काढलं तरी मजकूर लगेच वाचता येईलच असं नाही, उरलेली बरीच अक्षरं हफमन पद्धतीने दाबलेली असतात. वायरशार्कला ‘हे एचटीटीपी२ आहे’ असं सांगितलं की तो सगळं उलगडून देतो, पण मी हट्टाने आधी हातानेच वाचलं. त्याच कनेक्शनवर तीच विनंती पुन्हा पाठवली, तर दुसऱ्या वेळी हेडरचे बाइट बोटांवर मोजावेत इतके उरले. सर्व्हरला आधीचं सगळं आठवतंय, नुसता क्रमांक सांगितला की पुरे!

आता हे उघड्या इंटरनेटवर लावू नका, हे सांगायला नकोच. वाटेतला कुणीही वाचेल, वर मधली जुनी यंत्रं अनोळखी बाइट पाहून कनेक्शनच तोडतील. पण आपल्याच यंत्रावर, १२७.०.०.१ वर, खुशाल. किंवा पुढचा प्रॉक्सी टीएलएस सांभाळतोय आणि मागे आपल्याच सेवा एकमेकींशी बोलताहेत, अशा जागी. जीआरपीसी वापरणारी मंडळी तर चाचणीच्या वेळी ‘इनसिक्युअर’ चॅनल उघडतात तेव्हा एच२सीच वापरत असतात, पुष्कळदा नकळत.

एचटीटीपी/३ मध्ये ही मौज नाही. ते क्विकवर चालतं आणि क्विकच्या पोटातच टीएलएस १.३ शिवलेलं आहे, उसवायची सोयच नाही. तेव्हा ज्यांना नवं एचटीटीपी आतून बघायचंय त्यांनी २ वरच बघून घ्यावं. माझं पुढचं काम ठरलंय : एक मोठी फाइल आणि ढीगभर छोट्या फाइली एकदम मागवायच्या आणि १, ३, ५, ७ या प्रवाहांच्या फ्रेमा एकमेकींत कशा मिसळतात ते बाइट न् बाइट बघायचं.